एक्स्ट्रा टाइम, एक्स्ट्रा पाव

गेल्या पाच वर्ल्ड कप फायनलपैकी चार नव्वद मिनिटांत मिटल्या नाहीत. २००६ साली बर्लिनमध्ये झिदाननं मातेराझीच्या छातीत डोकं मारलं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे पावणेदोन वाजत आले होते. २०१० मध्ये जोहान्सबर्गला इनिएस्तानं गोल केला तो ११६ व्या मिनिटाला. आपल्या घड्याळात सव्वादोन उलटून गेले होते. २०१४ मध्ये रिओत गोट्झेनं अर्जेंटिनाला पाणी पाजलं, तेव्हा पहाटेचे पावणेतीन. २०२२ ची कतारची फायनल पेनल्टीपर्यंत गेली, पण सुरूच रात्री साडेआठला झाली होती म्हणून बारापूर्वी उरकली. २०१८ ची मॉस्कोची फायनल तेवढी वेळेत संपली.

फुटबॉलचा अभ्यासक यातून डावपेचांविषयी काही काढील. रस्त्यावर अंडा-भुर्जीची गाडी लावणारा मात्र एकच गोष्ट काढतो: फायनलच्या रात्री लादीपाव रोजच्यापेक्षा जास्त आणायचे. एक्स्ट्रा टाइम लागला की पहिली मागणी येते ती एक्स्ट्रा पावाची.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल आपल्याकडे रात्रीचा खेळ आहे. तो युरोपात संध्याकाळी, अमेरिकेत दुपारी खेळला जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा घराघरांतल्या गॅसच्या शेगड्या पुसून झालेल्या असतात. क्रिकेट बघणाऱ्याला घरातून चहा मिळतो, भजी मिळतात, जेवणाचं ताट टीव्हीसमोर येतं. फुटबॉल बघणाऱ्याला रात्री दीड वाजता भूक लागते आणि त्या वेळी त्याच्यासाठी जागं असतं ते गाडीवाल्याचं बिऱ्हाड. आपल्या देशात फुटबॉल का रुजला नाही यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. जिथे जिथे तो रुजला, तिथे रात्री खायला काय मिळतं हा प्रश्न कुणी फारसा विचारलेला नाही. तो विचारायला खडोलीसारखं दुसरं ठिकाण नाही.

पाळी सुटते तेव्हा

खडोली हे दादरा आणि नगर हवेलीतलं गाव, सिल्वासाच्या परिसरातलं. ग्रामपंचायत आहे. भाताची खाचरं आहेत, ताड आहेत, वारली, कोकणा, धोडिया पाडे आहेत आणि त्यांच्यामधून उभे राहिलेले कारखाने आहेत. कुठे पॉलिएस्टर यार्न निघतं, कुठे प्लास्टिक. पलीकडे पालघर जिल्हा, अलीकडे वलसाड, सर्वांत जवळचं मोठं रेल्वे स्टेशन वापी. इथला माणूस मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच वाक्यात बोलतो आणि तिन्हींत वारलीचा हेल असतो.

या मुलुखाची लोकसंख्या १९६१ च्या जनगणनेत ५७,९६३ होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. पन्नास वर्षांत जवळजवळ सहापट. करसवलतींमुळे कारखाने आले आणि कारखान्यांमागून बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगालमधून माणसं आली. आणखी एक आकडा बोलका आहे. २०११ मध्ये इथे दर हजार पुरुषांमागे ७७४ स्त्रिया होत्या. याचा साधा अर्थ असा की हजारो पुरुष इथे बायका-मुलांशिवाय राहतात, चाळीतल्या एका खोलीत चौघं-पाचजण, आळीपाळीनं झोपून. एक दिवसपाळीला जातो तेव्हा रात्रपाळीचा त्याच्या जागेवर आडवा होतो. अशा खोलीत स्वयंपाक रोज होतोच असं नाही. होतो तेव्हा वरण-भात होतो. चवीचं खाणं रस्त्यावर.

म्हणून पाळी सुटायच्या वेळी कारखान्यांच्या फाटकांबाहेरचा रस्ता बघण्यासारखा असतो. इथे गाडीला लारी म्हणायची सवय आहे. आमलेटची लारी, वडापावची, दाबेलीची, चायनीजची. लिट्टी-चोख्याची शेगडी, मोमोंचं वाफेचं भांडं. हातगाड्यांच्या रांगेत एखादा ‘छोटा हत्ती’ असतो. टाटांनी २००५ साली बाजारात आणलेल्या त्या एस टेम्पोचा मागचा हौदा कापून, पत्र्याचं छप्पर आणि फळीचा कठडा लावून केलेलं चाकांवरचं स्वयंपाकघर. पुण्या-मुंबईच्या मॉलबाहेर रंगवलेल्या अशाच गाडीला फूड ट्रक म्हणतात आणि बर्गरचे दोनशे रुपये घेतात. इथे तिच्या दिव्याच्या उजेडात उकडलेल्या अंड्यांचा ढीग असतो, आणि मालक रोज जागा बदलायची मुभा असूनही रोज त्याच जागी येतो. गिऱ्हाईक ठरलेलं असतं, उधारीही ठरलेली.

या लारीवर वर्ल्ड कप कसा दिसतो? बहुधा फोनवर. मिठाच्या बरणीला टेकवलेला एक फोन, त्याभोवती पाच-सहा डोकी. २०२२ चा वर्ल्ड कप जिओ सिनेमावर फुकट दाखवला गेला आणि तिथून पुढे मॅच बघायला टीव्ही लागत नाही हे पक्कं झालं. मात्र दहा फोनांवर दहा वेगवेगळ्या वेळी गोल होतो. एकाचं नेटवर्क पुढे, दुसऱ्याचं मागे. पलीकडच्या लारीवर आरडाओरड झाली की इकडचे समजतात, अजून अर्ध्या मिनिटात आपल्याकडेही गोल होणार. कोण मारणार तेवढंच बघायचं राहतं.

बंगालमधून आलेला कामगार ब्राझील किंवा अर्जेंटिना, यांतली एक बाजू घेऊनच येतो. ते घरचं देणं असतं. पेलेनं १९७७ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर न्यूयॉर्क कॉसमॉसकडून मोहन बागानविरुद्ध खेळून दाखवलं, तेव्हापासून तिथल्या कित्येक घरांत ते नाव देव्हाऱ्याच्या आसपास असतं. बिहार-उत्तर प्रदेशातला तरुण रोनाल्डो किंवा मेस्सीचा, देशाचा नव्हे. स्थानिक पाड्यावरचा पोरगा आजकाल एम्बापेचा. एका तव्याभोवती तीन खंडांची भांडणं होतात आणि मध्ये गाडीवाला कांदा कापत असतो. त्याचा संघ कुठला असं विचारलं तर जो जिंकतोय तो. हरणाऱ्यांची भूक मरते, हे त्याला अनुभवानं कळलेलं असतं.

पंधरा मिनिटांची कसरत

नियमाप्रमाणे हाफ-टाइम पंधरा मिनिटांहून जास्त नसतो. लारीच्या धंद्यात याला फार महत्त्व आहे. पहिली पंचेचाळीस मिनिटं कुणी हलत नाही. ब्रेक झाला की सगळे एकदम उठतात. दोन प्लेट भुर्जी एकत्र परतायला तीन-चार मिनिटं धरली तर एका तव्यावर हाफ-टाइममध्ये आठ-दहा प्लेटी, त्यापुढे नाही. उरलेल्यांना शिट्टी वाजली की फोनकडे पळायचं असतं; ते ऑर्डर टाकून निघून जातात किंवा ऑर्डर न टाकताच.

जाणता गाडीवाला म्हणून काम आधीच उरकून ठेवतो. चाळिसाव्या मिनिटापासून कांदा-टोमॅटो-मिरचीचा मसाला तव्याच्या कडेला परतून रचलेला असतो. तीस अंड्यांचा ट्रे हाताशी, पाव मधोमध कापून लोणी लावून उभे. शिट्टी झाली की फक्त अंडी फोडायची आणि मसाल्यात ओढायची. सुरतेकडून इथे आलेला अंडा घोटाळा मात्र हाफ-टाइमला मागू नये. उकडलेली अंडी किसायची, मसाल्यात शिजवायची, वर कच्चं अंडं फोडून पुन्हा घोटायचं, यात वेळ जातो. घोटाळा खावा मॅच सुरू व्हायच्या आधी. शेवटच्या पाच मिनिटांत तो करायचं काम रेफरीचं.

मॅच बघताना काय खावं याचंही एक शास्त्र आहे. डोळे पडद्यावरून हटता कामा नयेत आणि एक हात मोकळा हवा, डोक्याला लावायला. या कसोटीवर वडापाव पहिला येतो. दाबेली दुसरी, फक्त तिच्यातले शेंगदाणे आणि शेव गोलाच्या उडीबरोबर सांडतात. भुर्जी-पावला दोन्ही हात आणि बसायला जागा लागते. चायनीज भेळेला चमचा. पाणीपुरी तर बादच. ती खाताना मान खाली घालावी लागते आणि तेवढ्यात ऑफसाइडचा झेंडा वर जातो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कागदाच्या पुडीतून भडंग आणि शेंगदाणे खाणारा प्रेक्षक हे सगळं न शिकता जाणतो. त्याची बोटं पुडीत असतात आणि शिव्या मैदानात.

गिरणीपासून यार्नपर्यंत

खडोलीच्या लारीवरचा पदार्थ नवा वाटला तरी त्याचं कूळ जुनं आहे. पावभाजीचा उगम मुंबईच्या कापड गिरण्यांच्या रात्रपाळीशी जोडला जातो: उरलेल्या भाज्या तव्यावर घोटून, पावाबरोबर, उभ्याउभ्या खाऊन कामावर परतण्यासाठी. वडापावची सुरुवात १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याचं गिऱ्हाईकही गिरणगावात जाणारं-येणारं. पाळी हे या खाण्याचं घड्याळ होतं.

मुंबईच्या फुटबॉललाही याच गिरण्यांनी जगवलं. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स कप स्पर्धा कूपरेजवर रंगायची, तेव्हा मफतलाल आणि ओर्के यांच्यासारख्या कापड-यार्नच्या कंपन्यांचे संघ मुंबईत खेळत होते. कामगार शिफ्ट संपवून सामना बघायला जायचा आणि येताना गाडीवर खाऊन परतायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. तो मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, संघ विरले, एकविसाव्या शतकाच्या तोंडावर रोव्हर्स कपही थांबला. मुंबईत गिरण्या मरत होत्या त्या वर्षांत करसवलतींच्या आधारानं सिल्वासाच्या आसपास यार्नचे कारखाने उभे राहत होते. धागा बदलला, सुताचं पॉलिएस्टर झालं, पण रात्रपाळी तीच राहिली आणि रात्रपाळीचा पावही.

फुटबॉल या रात्रपाळीत शिरला १९८६ मध्ये. मेक्सिकोचा वर्ल्ड कप दूरदर्शननं थेट दाखवला. मेक्सिकोतल्या दुपारच्या बाराला आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा आणि तिथल्या चारला पहाटेचे साडेतीन. २२ जूनच्या रात्री मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध एक गोल हातानं केला आणि चारच मिनिटांनी दुसरा अर्धा संघ चकवून. देशभरात ज्यांनी तो बघितला ते सगळे जागरण करणारे होते. बंगाल-केरळात अर्जेंटिनाची भक्ती त्या रात्री पक्की झाली. केरळात रात्री लागणाऱ्या गाड्यांना तट्टुकडा म्हणतात. संध्याकाळी उभ्या राहतात, दोसा, आमलेट, पोरोट्टा-बीफ वाढतात आणि उशिरापर्यंत चालतात. २०२२ मध्ये कोळिकोडजवळच्या पुल्लावूरच्या नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे उंचच उंच कटआउट उभे राहिले आणि त्यांची छायाचित्रं जगभर गेली. कटआउट सगळ्यांनी पाहिले. ते उभारणाऱ्या पोरांना रात्री कोण खाऊ घालत होतं हे छायाचित्रात येत नाही.

पेठांचा वर्ल्ड कप

मराठी मुलुखात फुटबॉलची अशी रात्र बघायची तर कोल्हापूरला जावं लागतं. तिथे फुटबॉलचे संघ तालमींचे आहेत: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या आखाड्यातून फुटबॉल वाढलेली शहरं जगात फार नसतील. पेठ म्हणजे संघ, आणि संघ म्हणजे भांडण. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तेव्हा हे सगळं भांडण काही दिवस एका बाजूला झालं.

वर्ल्ड कपच्या वर्षी पेठांचे रंग बदलतात. एरवी शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असणारं शहर ब्राझील, अर्जेंटिना आणि पोर्तुगालमध्ये वाटलं जातं. चौकाचौकांत कटआउट लागतात, गल्ल्यांवर पताका, पडद्यावर सामने. १८ डिसेंबर २०२२ ला अर्जेंटिना जिंकली तेव्हा कोल्हापुरात फटाके उडाले आणि तरुण झेंडे घेऊन रस्त्यावर आले. फायनल रविवारी, रात्री साडेआठला, थंडीच्या दिवसांत. मॅच संपली तेव्हा खासबागेच्या बाजूच्या भेळेच्या आणि खाऊच्या गाड्यांची वेळ अजून संपलेली नव्हती. शहराला हे नवं नाही. गंगावेशीत म्हशी उभ्या करून समोर धार काढून दूध देतात, ते पिऊन पैलवान वाढले. आखाडा आणि खाण्याची जागा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर ठेवायची हे कोल्हापूरला कुणी शिकवावं लागलं नाही.

तिथला पडदा बघायला लोक येतात हे खरं, पण थांबतात कशामुळे? पडदा सगळ्यांच्या खिशात आहे. फोनवर मॅच एकट्यानंही दिसते, आणि चांगली दिसते. एकट्याला दिसत नाही तो समोरच्याचा चेहरा, गोल चुकल्यावरचा. तो बघायला माणूस घराबाहेर येतो आणि बाहेर दोन-अडीच तास काढायचे तर पोटाला काही लागतं. गाडी उठली की दहा मिनिटांत घोळका फुटतो. हे कुठल्याही गल्लीत तपासून पाहावं.

पाव आणि पोर्तुगाल

खडोलीत पोर्तुगालची जर्सी घातलेला पोरगा दिसला तर तिथला इतिहास आठवून हसू येतं. मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ मध्ये पुण्यात तह झाला. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेलीचा महसूल पोर्तुगिजांकडे गेला. दादरा त्यांनी १७८५ मध्ये घेतलं. २२ जुलै १९५४ ला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. त्या लढ्यात उतरलेल्या मराठी तरुणांमध्ये सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पोर्तुगालनं प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला: नागरिकांना आणि मालाला वाट मिळण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्याला नव्हता, आणि भारतानं काही वावगं केलेलं नाही. ११ ऑगस्ट १९६१ ला हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला.

निकाल लागला त्याच वर्षी डिसेंबरात मोझांबिक या दुसऱ्या पोर्तुगीज वसाहतीतून अठरा वर्षांचा एक मुलगा लिस्बनला उतरला. नाव युसेबिओ. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं नऊ गोल करून पोर्तुगालला तिसरा क्रमांक मिळवून दिला. पुढे पन्नास वर्षांनी, १० जुलै २०१६ ला, पोर्तुगालनं पॅरिसजवळ युरो जिंकली ती एडेरच्या गोलावर, आणि एडेरचा जन्म गिनी-बिसाऊचा. तोही गोल एक्स्ट्रा टाइममधला. आपल्याकडे पहाट व्हायला आली होती. साम्राज्य गेलं, पण त्या साम्राज्याच्या लेकरांनी पोर्तुगालचं फुटबॉल उभं केलं.

गोव्यात हा गुंता खाण्यापर्यंत पोचतो. तिथे फुटबॉल आणला तो पोर्तुगिजांनी नव्हे; १८८३ मध्ये शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश पाद्र्यानं पहिला चेंडू आणला असं मानतात. पाव मात्र पोर्तुगिजांबरोबर आला. आज पणजी, म्हापसा, मडगावच्या गाड्यांवर संध्याकाळनंतर रोस आमलेट मिळतं: आमलेटवर शाकुतीचा रस ओतलेला, वर कच्चा कांदा, लिंबू, सोबत पाव. फातोर्ड्याच्या स्टेडियमवरून सामना बघून येणाऱ्याला आणि घरातून पोर्तुगालची मॅच बघायला निघालेल्याला तोच गाडा लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा बसला तेव्हा काहींनी काळे झेंडे दाखवले. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखे घरचे खेळाडू सोडून पोर्तुगिजाचा पुतळा कशाला, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तेही गोवामुक्तीच्या साठीच्या वर्षात. गाड्यावरच्या पावाबद्दल मात्र कुणाची तक्रार नाही.

खुद्द लिस्बनमध्ये सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर व्हॅनची रांग लागते आणि तिच्यावर बिफाना विकला जातो: लसूण आणि वाइनमध्ये मुरवलेले डुकराच्या मांसाचे पातळ काप, पावात घालून. पाव कापायचा, मध्ये गरम काहीतरी कोंबायचं, एका हातात धरून मॅचबद्दल बोलत खायचं. खडोलीच्या लारीवरचा माणूस तिथे उभा राहिला तर त्याला फक्त बटाटा शोधावा लागेल.

चवळीचा वडा आणि फिफा

खेळाच्या मालकांना मात्र ही गाडी फारशी आवडत नाही. २०१४ च्या वर्ल्ड कपआधी ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात याचा झगडा झाला. तिथे पांढऱ्या घेरदार पोशाखातल्या बायका रस्त्यावर अकाराजे विकतात. चवळीच्या पिठाचा वडा, पामच्या लाल तेलात तळलेला, मधोमध चिरून कोळंबी भरलेला. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेल्यांचा हा वारसा आणि ब्राझीलनं तो राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलेलाही. फिफाच्या नियमाप्रमाणे स्टेडियमभोवतीच्या पट्ट्यात अधिकृत प्रायोजकांशिवाय कुणी विकायचं नाही. या बायकांनी आपल्या संघटनेमार्फत विरोध केला, सह्या गोळा केल्या आणि २०१३ मध्ये फोन्ते नोवा स्टेडियमच्या आवारात विकायची परवानगी मिळवली. मोजक्याच जणींना मिळाली, पण मिळाली.

आपल्याकडे गाडी उठवायला एवढ्या मोठ्या नावाची गरज पडत नाही. रात्री अकराच्या सुमारास गस्तीची गाडी येते, शिट्टी वाजते, दिवे मालवतात. २०१४ मध्येच संसदेनं पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचा कायदा केला. शहर विक्रेता समिती, तिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया, विक्रीच्या जागा आखून देणं, पुनर्वसनाशिवाय हुसकावून न लावणं, असं बरंच काही त्यात आहे. पण तो कायदा शहरांसाठी आहे: महापालिका, नगरपालिका, नगरपंचायती, छावण्या. खडोली ग्रामपंचायत आहे. कारखाने शहराला लाजवतील एवढे, रात्रपाळी शहराची, गर्दी शहराची, आणि लारीवाल्याला संरक्षण मात्र गावाचं, म्हणजे ओळखीपाळखीचं. अन्नसुरक्षेची नोंदणी त्यालाही करावी लागते. छोट्या विक्रेत्याला ती स्वस्तात पडते. नोंदणीचा कागद लॅमिनेट करून काचेला चिकटवला तरी रस्त्याच्या कडेला उभं राहायचा हक्क त्यातून येत नाही.

या गाड्यांविरुद्धची कारणं सगळी खोटी नाहीत. पाणी बादलीतलं, तेल पुन्हा पुन्हा तापवलेलं. एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर महाग म्हणून घरगुती लाल सिलिंडर लपवून वापरणारे आहेत. उघड्या वायरीवर दिवे. रस्त्यावरून यार्नचे ट्रेलर जातात आणि मॅचमध्ये गुंतलेली गर्दी डांबरावर सरकत येते. सिल्वासात दारूची दुकानं आहेत, पलीकडे गुजरातेत दारूबंदी. शनिवारी रात्री इथे येणाऱ्या गाड्यांतले सगळेच काही आमलेट खायला येत नाहीत. पण यातली एकही गोष्ट दिवे मालवून सुटत नाही. नळ, दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा आणि रस्त्यापासून वीस पावलं आत मोकळी जागा दिली की सुटते.

एकोणचाळीस रात्री

११ जून ते १९ जुलै २०२६. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको, सोळा शहरं, अठ्ठेचाळीस संघ, १०४ सामने. एवढा मोठा वर्ल्ड कप आजवर झालेला नाही, आणि भारतीय पोटाला इतका अवघडही झालेला नाही. न्यूयॉर्कच्या दुपारी बाराला आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. लॉस एंजेलिसच्या संध्याकाळी सहाला दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसहा. म्हणजे सामने रात्रीच्या जेवणानंतर सुरू होऊन न्याहारीपर्यंत चालणार. २०२२ चा वर्ल्ड कप आपल्याला लाडावून गेला. थंडीचे दिवस, कोरडी हवा, संध्याकाळचे सामने. आता मृगाचा पाऊस, चिखल आणि पहाट.

खडोलीला मात्र ही वेळ सोयीची आहे, कारण इथलं अर्धं गाव तेव्हा जागंच असतं. दुसरी पाळी सुटून आलेल्याला मध्यरात्रीची मॅच मिळेल, रात्रपाळीवाल्याला सकाळी फाटकाबाहेर साडेसहाची. लारीचा तवाही त्याप्रमाणे फिरावा लागेल: मध्यरात्री भुर्जी, तीनला मॅगी, पहाटे कांदाभजी आणि आल्याचा चहा, सहाला पोहे. एकाच माणसाला हे जमणार नाही. दोन लारीवाल्यांनी एक जागा वाटून घेतली, एकानं रात्र आणि एकानं सकाळ, तर जमेल. वर ताडपत्री पक्की हवी. जून-जुलैचा इथला पाऊस आडवा येतो आणि फोडणीत उतरतो.

फायनल रविवारी १९ जुलैला न्यू जर्सीत, तिथल्या दुपारी तीनला. आपल्याकडे सोमवार उजाडून अर्धा तास झालेला असेल. फिफानं या फायनलच्या हाफ-टाइमला पहिल्यांदाच गाण्याचा मोठा कार्यक्रम ठेवायचं जाहीर केलंय. जुलै २०२५ मध्ये त्याच मैदानावर क्लब वर्ल्ड कपच्या फायनलला असा कार्यक्रम झाला, तेव्हा हाफ-टाइम पंधराचा वीस मिनिटांच्या पुढे गेला होता. फुटबॉलच्या जाणकारांनी नाकं मुरडली. लारीवाल्याच्या हिशेबात ते दोन जादा घाणे आहेत.

भारतीय संघ या वर्ल्ड कपमध्ये नसेल. २०१८ मध्ये मुंबईत सुनील छेत्रीला प्रेक्षकांना हात जोडून स्टेडियममध्ये बोलवावं लागलं होतं, कारण आदल्या सामन्याला अडीच हजारच लोक आले होते. तेव्हापासून प्रेक्षक कसे आणावेत यावर परिषदा भरतात, योजना निघतात. प्रेक्षक आहेतच. ते कारखान्याच्या फाटकाबाहेर ताडपत्रीखाली उभे राहून सेनेगलचा सामना बघतायत. दोन वेगळ्या देशांच्या जर्सी घालून एकाच प्लेटमधून खाण्याची सवय त्यांना तिथेच लागते, आणि स्टेडियममध्ये बसायला तीच सवय लागते. ती मोडू नये एवढंच व्यवस्थेनं बघायचं. पंचायतीनं एक मोकळी जागा द्यावी, नळ आणि दिवा द्यावा, आणि गस्तीच्या गाडीला सांगून ठेवावं की या एकोणचाळीस रात्री शिट्टी वाजवायचा हक्क फक्त रेफरीचा.